तात्पुरत्या कॅपचे सिमेंट : पकड हवी, पण बेताची

प्रतिनिधी

दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच नाकाला जाणवणारा किंचित तिखट, औषधी वास हा बहुतांशी लवंगेचा असतो, याची अनेकांना कल्पना नसते. दाढ दुखू लागली की आजी कापसाच्या बोळ्यावर जे लवंगेचे तेल घेत असे, त्याच तेलातील युजेनॉल नावाचा घटक आज दंतवैद्यकातील एका महत्त्वाच्या सिमेंटचा आधार आहे. दाताला कायमची कॅप बसेपर्यंतच्या मधल्या काळात जी तात्पुरती कॅप बसवली जाते, ती या सिमेंटने जोडलेली असते.

रूट कॅनल झाले, दाढ चारही बाजूंनी घासून लहान केली, माप घेतले आणि तात्पुरती कॅप लावून रुग्णाला घरी पाठवले. पुढच्या रविवारी लोणावळ्याची चिक्की तोंडात टाकली आणि कॅप चिक्कीबरोबर बाहेर आली. असा अनुभव आलेल्या रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, पहिल्यांदाच घट्ट का नाही चिकटवली?'

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. तात्पुरत्या सिमेंटचा कमकुवतपणा हा त्याचा दोष नसून गुणधर्म आहे. तो मुद्दाम राखलेला असतो. मात्र हा गुण काही आठवड्यांपुरताच गुण असतो. मुदत संपल्यावर तोच दाताच्या मुळावर येतो. म्हणूनच ही पकड किती असते, ती कशावर ठरते आणि कधी संपते, हे दवाखान्याबाहेरही माहीत असणे आवश्यक आहे.

तात्पुरती कॅप कशासाठी?

कॅप किंवा ब्रिज बसवण्यासाठी दाताचा बाहेरचा थर घासून काढावा लागतो. दाताचे कठीण आवरण म्हणजे दंतवल्क निघून गेल्यावर आतील डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात व त्या दाताच्या आतील जिवंत गाभ्यापर्यंत पोहोचतात. असा दात उघडा राहिल्यास थंड, गरम, आंबट अशा प्रत्येक गोष्टीने कळ येते. लाळेतील जिवाणूंनाही आत शिरण्यास वाट मिळते.

शिवाय दात जागच्या जागी स्थिर नसतात. शेजारच्या किंवा समोरच्या दाताचा आधार सुटला, की ते हळूहळू सरकू लागतात. घासलेल्या दाताच्या कडेवर हिरडीही वाढते. काही दिवसांतच एवढा फरक पडू शकतो, की डेंटल लॅबमधून अचूक मापाने बनून आलेली कॅप बसतच नाही. तात्पुरती कॅप हे सारे थोपवून धरते. त्याचबरोबर चावण्याचे काम चालू राहते आणि पुढच्या दातांच्या बाबतीत चेहऱ्याची शोभाही टिकते.

अशी कॅप साधारणतः अॅक्रिलिक किंवा बिस-अॅक्रिल प्रकारच्या रेझिनची, बहुधा दवाखान्यातच बनवली जाते. कायमची कॅप तयार होण्यास सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात. तेवढा काळ ती टिकावी आणि त्यानंतर दाताला वा त्याच्या घासलेल्या नाजूक कडांना इजा न होता सहज निघावी, अशी दुहेरी अपेक्षा असते. या परस्परविरोधी अपेक्षांचा भार पातळ थराच्या त्या सिमेंटवर येतो.

चिकटणे आणि अडकणे

'बाँड स्ट्रेंग्थ' म्हणजे जोडाची ताकद हा शब्दप्रयोग या सिमेंटच्या बाबतीत काहीसा सैलपणे वापरला जातो. आधुनिक रेझिन सिमेंट दाताशी खऱ्या अर्थाने जोडले जाते. बहुतेक तात्पुरती सिमेंट मात्र दाताला चिकटत नाहीत. ती दात आणि कॅप यांच्यामधील फट भरून काढतात व दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म खाचखळग्यांत अडकून बसतात. लाकडाच्या सांध्यात पाचर ठोकून तो घट्ट करावा, तसा हा प्रकार आहे.

साहजिकच सिमेंटइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दाताच्या घासलेल्या आकाराला येते. समोरासमोरच्या भिंती जवळजवळ समांतर असतील तर कॅप एकाच दिशेने, घर्षणाला तोंड देत निघू शकते. त्या वर निमुळत्या होत गेल्या तर ती सहज सुटते. डॅनिश संशोधक योर्गेनसन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा संबंध मोजून दाखवला. भिंतींमधील कोन काही अंशांनी वाढला तरी पकड झपाट्याने घटते, हे त्यातून स्पष्ट झाले. दाताची उंची हा दुसरा घटक. आखूड दाढेवरील कॅप वारंवार निघते, यात पुष्कळदा सिमेंटचा दोष नसतो.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. दाढांवर माणूस काही शे न्यूटन इतका जोर देऊ शकतो. मग एवढे दुबळे सिमेंट टिकते कसे? कारण चावताना पडणारा जोर कॅपला दातावर आणखी दाबतो, ती उपटत नाही. सिमेंटची खरी परीक्षा होते ती तोंड उघडताना, दोन दातांत धरलेला चिकट पदार्थ कॅपला वर ओढू लागतो तेव्हा. चिक्की, तिळाची वडी, च्युइंगगम हे पदार्थ कॅपचे शत्रू ठरतात ते यामुळेच.

वरची मर्यादा घालणारे मानक

बांधकामाचे सिमेंट असो वा दाताचे, मानके सहसा 'किमान इतकी ताकद हवी' असे सांगतात. झिंक फॉस्फेट किंवा ग्लास आयोनोमर या कायमच्या जोडणीच्या सिमेंटसाठी आंतरराष्ट्रीय मानकात दाब सहन करण्याची किमान क्षमता ५० मेगापास्कल ठेवली आहे. झिंक ऑक्साइड सिमेंटसाठी असलेले 'आयएसओ ३१०७' हे मानक मात्र तात्पुरत्या जोडणीच्या प्रकाराला कमाल मर्यादा घालते. ही मर्यादा ३५ मेगापास्कल आहे. याहून बळकट सिमेंट तात्पुरत्या कामास अपात्र ठरते.

ही संख्या दाबाखाली सिमेंट केव्हा फुटते ते सांगते. जोडाची ताकद निराळी आणि त्याहून पुष्कळ कमी असते. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन बल. झिंक ऑक्साइड-युजेनॉल सिमेंटचा जोड बहुतेक चाचण्यांत एक मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी बलाला सुटतो. याउलट, आम्ल लावून खरबरीत केलेल्या दंतवल्काशी रेझिनचा जोड २० मेगापास्कल व त्याहून अधिक ताण सोसतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. घासलेल्या दाढेचे क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर धरले आणि जोडाची ताकद एक मेगापास्कल मानली, तर कॅप सरळ उपटण्यास १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो वजनाइतकी ओढ लागेल. दंतवैद्याच्या हातातील उपकरणाला हे साध्य आहे. हाच जोड २० मेगापास्कलचा असता, तर कॅप काढताना दाताचाच तुकडा पडण्याची भीती होती आणि ती कापूनच काढावी लागली असती.

सिमेंटचे प्रकार

तात्पुरत्या जोडणीसाठी प्रामुख्याने पाच प्रकारची सिमेंट वापरली जातात.

झिंक ऑक्साइड-युजेनॉल : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात असलेला हा सर्वांत जुना प्रकार. झिंक ऑक्साइडची भुकटी आणि युजेनॉल एकत्र आले, की झिंक युजेनोलेट हे संयुग तयार होऊन मिश्रण घट्ट होते. या क्रियेला ओलावा लागतो. म्हणूनच बाहेर सावकाश घट्ट होणारे हे सिमेंट तोंडातील उष्णतेत व ओलाव्यात झटपट घट्ट होते. युजेनॉल दाताच्या गाभ्याला शांत करते, तसेच ते जिवाणूरोधकही आहे. पकड कमी आणि काढणे सोपे, ही याची ओळख. युजेनॉल नावामागे लवंगेच्या झाडाचे जुने शास्त्रीय नाव 'युजेनिया' आहे.

युजेनॉलविरहित झिंक ऑक्साइड : यात युजेनॉलऐवजी कार्बोक्झिलिक आम्लांचा वापर असतो. पकड साधारण पहिल्या प्रकाराच्या जवळपासची. युजेनॉलची अॅलर्जी असणाऱ्यांना आणि पुढे रेझिन सिमेंट वापरायचे असल्यास हा प्रकार सोयीचा. मात्र दाताला शांत करण्याचा गुण यात नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड : मूळचे खोल किडीच्या तळाशी लावण्याचे हे द्रव्य तात्पुरत्या जोडणीसाठीही वापरले जाते. अनेक चाचण्यांत याची पकड युजेनॉल सिमेंटपेक्षा अधिक आढळली आहे. लाळेत विरघळत जाणे ही त्याची उणीव.

पॉलिकार्बोक्झिलेट : डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये पुढे आणलेले हे सिमेंट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध साधते. त्यामुळे पकड तुलनेने जास्त. तात्पुरत्या वापरासाठी त्याचे सौम्य केलेले रूप मिळते. मुदत लांबणार असेल किंवा दात आखूड असेल, तेव्हा याचा विचार होतो.

रेझिनयुक्त तात्पुरते सिमेंट : यातील काही प्रकार पारदर्शक असतात. पुढच्या दातांवरील पातळ कॅपमधून पांढरे सिमेंट दिसू नये, म्हणून ते उपयोगी पडतात. पण दातात आधीच रेझिनचे भरण असेल, तर हे सिमेंट त्याला नको तितके धरून बसू शकते.

पकड मोजतात कशी?

अशा चाचण्या बहुधा उपचारासाठी काढलेल्या मानवी दातांवर केल्या जातात. दात अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवून सर्व नमुने एकाच कोनात व उंचीत घासले जातात. त्यावर कॅप बसवून ठरावीक भाराखाली सिमेंट घट्ट होऊ देतात. नंतर नमुने ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, सामान्यतः २४ तास ठेवले जातात. गरम चहा आणि थंड पाणी यांचा तोंडातील खेळ उभा करण्यासाठी ते ५ व ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो वेळा बुडवण्याचीही पद्धत आहे. अखेर यंत्राच्या साहाय्याने, मिनिटाला अर्धा ते एक मिलिमीटर इतक्या संथ गतीने कॅप ओढली जाते आणि जोड सुटतानाचे बल नोंदवले जाते.

बलाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, की जोड नेमका कोठे सुटला? सिमेंट कॅपच्या आत राहून दात स्वच्छ मिळाला, तर उत्तम. सिमेंट दातावर राहिले, तर ते खरवडून काढावे लागते. सिमेंटचा थरच मधोमध फाटला, तर दोन्हीकडे अवशेष उरतात.

या चाचण्यांचे आकडे एका प्रयोगातून दुसऱ्यात जसेच्या तसे नेता येत नाहीत. घासण्याचा कोन, कॅपचे द्रव्य, पाण्यात ठेवण्याचा काळ यांपैकी काहीही बदलले, की संख्या बदलतात. एकाच प्रयोगातील सिमेंटची आपसातील तुलना मात्र उपयुक्त ठरते. बहुतेक प्रयोगांत झिंक ऑक्साइडचे दोन्ही प्रकार तळाकडे, तर पॉलिकार्बोक्झिलेट व रेझिनयुक्त प्रकार वरच्या बाजूस आढळतात.

युजेनॉलचा वाद

दाताला शांत करणारे युजेनॉल रेझिनच्या मात्र आड येते. रेझिन घट्ट होण्यासाठी मुक्त मूलकांची साखळी-अभिक्रिया व्हावी लागते आणि युजेनॉलच्या रेणूतील फिनॉल गट नेमकी ती मूलके टिपून साखळी तोडतो. परिणामी अॅक्रिलिकची तात्पुरती कॅप आतून मऊ पडू शकते व तिची दुरुस्ती अवघड होते. त्याहून गंभीर शंका अशी, की डेंटिनवर उरलेले युजेनॉल पुढे कायमच्या कॅपच्या रेझिन सिमेंटची पकडही कमी करील काय?

या प्रश्नावर अनेक प्रयोग झाले असून त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग धुऊन मग रेझिन लावण्याच्या पद्धतीत युजेनॉलचा परिणाम बऱ्याच अंशी नाहीसा होतो, असे अनेक प्रयोगांत आढळले. वेगळे आम्ल न लावता थेट जोडणाऱ्या 'सेल्फ-एच' पद्धतीत मात्र तो टिकून राहण्याचा धोका अधिक. शिवाय युजेनॉल नसलेल्या सिमेंटचे अवशेषही जोडात अडथळा आणतातच. म्हणून कोणतेही तात्पुरते सिमेंट वापरले, तरी कायमची कॅप बसवण्यापूर्वी प्युमिसच्या भुकटीने ब्रश करून किंवा अॅल्युमिनाच्या सूक्ष्म कणांचा मारा करून दात कसोशीने स्वच्छ करणे हीच पकडीची पहिली अट ठरते.

निवड दंतवैद्याची

एकच सिमेंट सर्वांना चालत नाही. लांब, भक्कम दातावरील एकट्या कॅपला युजेनॉल सिमेंट पुरते. आखूड दात, अनेक दातांचा लांब ब्रिज, रात्री दात खाण्याची सवय किंवा काही महिने चालणारा उपचार असल्यास अधिक पकडीचे सिमेंट लागते. उलटपक्षी, दात मुळातच हलत असेल, तर पकड आणखी कमी करण्यासाठी सिमेंटमध्ये थोडी पेट्रोलियम जेली मिसळण्याची जुनी युक्ती दंतवैद्य आजही वापरतात.

इम्प्लान्टच्या बाबतीत तर तात्पुरते सिमेंट कधी कधी 'कायमच्या' कॅपलाही लावले जाते. आतील स्क्रू सैल झाला, तर कॅप न तोडता काढता यावी, हा त्यामागील हेतू. अशा वेळी हिरडीखाली उतरलेले जादा सिमेंट काढून टाकण्याची खबरदारी अत्यावश्यक असते. कारण ते राहिल्यास इम्प्लान्टभोवती दाह होऊ शकतो.

खरा धोका : दुखत नाही म्हणून

ज्या पाण्याच्या अंशामुळे युजेनॉल सिमेंट घट्ट होते, तेच पाणी पुढे ते हळूहळू विघटित करत जाते. लाळ कडेने सिमेंट धुऊन नेते, कॅपखाली पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत अन्नकण व जिवाणू साठतात. वरून पाहता कॅप जागेवर असते. आत मात्र कीड सुरू झालेली असते.

जिवंत दात निदान कळ देऊन सावध करतो. रूट कॅनल झालेल्या दातात ती सोयही नसते. त्यातील नस काढलेली असल्याने गळती निमूटपणे चालू राहते. वेदना थांबल्या, तात्पुरती कॅपही बसली, आता कायमच्या कॅपचा खर्च पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणत अनेक रुग्ण महिनोन्महिने फिरकत नाहीत. परतून येतात तेव्हा काही दातांत पुन्हा रूट कॅनल करावे लागते, तर काही दात वाचवण्यापलीकडे गेलेले असतात. वेळ व पैसा वाचवण्यासाठी केलेली चालढकल अशा रीतीने पहिल्या उपचारावरही पाणी फिरवते.

कॅप निघाली तर

कॅप जपून ठेवावी, पाण्याने धुवावी आणि शक्यतो एक-दोन दिवसांतच दंतवैद्याकडे जावे. दुखत नसले तरी थांबू नये. घरातील झटपट चिकटणारा डिंक वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तो तोंडात वापरण्यासाठी बनवलेला नसतो, कॅप वाकडी बसते आणि हिरडीला इजा होऊ शकते. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये; ती घशात किंवा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

कॅप टिकावी यासाठी त्या बाजूने चिकट व कडक पदार्थ खाऊ नयेत. ब्रश नेहमीप्रमाणे करावा. दोरा वापरत असल्यास तो वर न खेचता बाजूने ओढून काढावा. कॅप हलू लागली, कडेला वाईट चव वा वास जाणवू लागला, तर ती निघण्याची वाट न पाहता दाखवून घ्यावी. दवाखान्यातून निघताना 'ही कॅप किती दिवसांसाठी आहे?' हा प्रश्न विचारून ती तारीख लिहून ठेवावी.

संगणकाच्या साहाय्याने एकाच बैठकीत कायमची कॅप बनवण्याचे तंत्र आता विकसित झाले आहे. आज भारतातील काही दवाखान्यांतही ते उपलब्ध आहे. जेथे ते परवडते, तेथे तात्पुरत्या कॅपची गरज उरत नाही. परंतु लांब ब्रिज, इम्प्लान्ट, हिरड्यांचे उपचार अशा अनेक प्रसंगी मधला काळ टळत नाही. त्या काळापुरता विसावा देणे एवढेच या सिमेंटचे काम. ते नेमून दिलेले काम चोख बजावते. कायमच्या कॅपसाठी ठरल्या दिवशी दवाखान्यात जाणे मात्र रुग्णाच्याच हाती असते.